उताराचा ब्रेक

जो अवयव एकाएकी बंद पडतो त्याचा दोष घटकाभरात सापडतो. जो दिवसेंदिवस मंदावत जातो त्याचा तपास मात्र फार चिकाटी मागतो, आणि मालमोटारीचा एक्झॉस्ट ब्रेक हा या दुसऱ्या वर्गातील अग्रगण्य होय. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, कऱ्हाडकडून साखर, कांदा आणि भाजीपाला लादून चिपळूणच्या बाजूस उतरणाऱ्या गाड्यांची दुरुस्ती करण्यात माझी हयात गेली. या ब्रेकची शक्ती ओसरत चालली असता पायाचा ब्रेक मुकाट्याने त्याची उणीव भरून काढीत राहतो, आणि लायनिंग जळाल्याचा वास पायथ्याच्या पोफळी गावापाशी नाकात शिरेपर्यंत मालकाला अगर ड्रायव्हरला त्याची दादही लागत नाही, हा माझा नित्याचा अनुभव आहे.

डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेवर पेट्रोल इंजिनातल्यासारखी आडवी पाकळी नसते, त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी ते इंजिन गाडीला म्हणावे तसे मागे ओढीत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत तबकडीसारखी एक झडप बसवलेली असते. ड्रायव्हरने बटण दाबताच टाकीतल्या हवेच्या जोरावर ती मिटते, पंप इंधन देण्याचे थांबवतो, आणि धूर बाहेर लोटू पाहणाऱ्या प्रत्येक पिस्टनला नळीत कोंडलेल्या वायूशी झुंजावे लागते. उतारावर गाडीला येणारा जो वेग एरवी लायनिंग आणि ड्रम यांच्या घर्षणातच जिरवावा लागला असता, त्याचा मोठा भाग या झुंजीत खर्ची पडतो, आणि चाकांचे ब्रेक शेवटच्या वळणापर्यंत थंड, म्हणजेच भरवशाचे, राहतात. क्लेसी कमिन्स या अमेरिकन इंजिनकाराची मालमोटार १९३१ साली कॅलिफोर्नियातील कॅहॉन खिंड उतरताना ब्रेक निकामी होऊन सुटली आणि पायथ्याशी रूळ ओलांडणाऱ्या मालगाडीच्या धडकेतून थोडक्यात बचावली. त्या प्रसंगाची आठवण मनात बाळगून त्याने उत्तरायुष्यात इंजिनाच्या अंगचा एक निराळ्या जातीचा ब्रेक सिद्ध केला, आणि जेकब्स कंपनीने तो १९६१ साली बाजारात आणला. त्याची रचना आमच्या नळीतल्या झडपेहून अगदी भिन्न आहे; तथापि घाट उतरणाऱ्या माणसाची चिंता दोहोंच्या मुळाशी सारखीच आहे.

तक्रार बहुधा त्याच त्या शब्दांत रुजू होते: “मिस्त्री, ब्रेक लागतोय, पण गाडी धरत नाही.” या जबानीतला पहिला भाग मी दुसऱ्याइतकाच मोलाचा मानतो. ब्रेक लागतो आहे याचा अर्थ वीज पोहोचते, सोलेनॉइड उघडतो, हवा सिलिंडरात शिरते. अ‍ॅक्सिलरेटरखालचा अगर क्लचचा स्विच बिघडला असता तर ब्रेक मुळी लागलाच नसता, किंवा एकदा लागून एकदा नसता लागला. सबब वायरमनला तूर्त रजा द्यावी आणि ड्रायव्हरला विचारावे, “दादा, उतरलात कोणत्या गिअरात?” हजार-बाराशे फेऱ्यांवर रेंगाळणाऱ्या इंजिनाचा एक्झॉस्ट ब्रेक निर्दोष असूनही दुर्बळच भासणार, खालचा गिअर टाकून इंजिन दोन हजारांच्या आसपास, परंतु काट्याच्या लाल रेषेच्या आत, फिरू दिले की तोच ब्रेक गाडी धरतो. डिझेल वाचेल या समजुतीने न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांना तर मी बजावून सांगतो की, गिअरात उतरणाऱ्या इंजिनाचा पंप डिझेल बंद करतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवण्यापुरते ते जळतच राहते.

गिअर योग्य असूनही तक्रार कायम राहिली, तर मॅनिफोल्डवरचे बूच काढून तेथे गेज लावावा. चौरस सेंटिमीटरला साधारण तीन ते चार किलो दाब भरला पाहिजे, नेमका आकडा ज्या त्या इंजिनाच्या पुस्तकात असतो. तो भरत नसेल तर झडप पुरती मिटत नाही, किंवा मिटूनही वायूला अन्यत्र वाट मिळते आहे, हे दोनच संशय उरतात. दुसऱ्याचा दाखला डोळ्यांना दिसतो: मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी, विशेषतः टोकाचा बोल्ट तुटलेला असेल तेथे, काजळीची एक काळी जीभ लोखंडावर उमटलेली असते.

पहिला संशय अधिक सूक्ष्म आहे. इंजिन थंड असता हवा सोडून पाहावी. साबणाचे पाणी लावल्यावर सिलिंडराच्या दांड्यापाशी बुडबुडे आले तर आतला वायसर गेला असे समजावे, आणि न आले तर नळी सोडवून झडपेचे दर्शन घ्यावे. तेथे हटकून आढळते ते हे की, तबकडीच्या कडेला आणि तिच्या बैठकीवर काजळीचा दगडासारखा थर चढला आहे, आसाच्या बुशात खेळ झाला आहे, आणि तबकडी जवळजवळ मिटून अखेरच्या अंशावर अडली आहे. त्या केसभर फटीतून किती वायू निसटतो याची कल्पना गेजचा काटा पाहिल्यावाचून येत नाही. पुष्कळदा हा थर आसावर साधे ग्रीस भरणाऱ्या हातानेच वाढवलेला असतो, कारण त्या उष्णतेत ग्रीस जळून त्याचा कोळसा होतो. तेथे तीव्र उष्णता सोसणारे वंगणच, आणि तेही बेताने, घालावे. मी थर खरवडतो, बूश बदलतो, दांड्याची लांबी आट्यांवर अशी जुळवतो की सिलिंडराची चाल संपण्याच्या आधी तबकडी बैठकीला टेकावी.

काही मालक याहून अधिक मागतात. तबकडीत कारखान्यानेच एक लहान भोक ठेवलेले असते, ते झाळून बुजवा, म्हणजे ब्रेक दुप्पट होईल, असा त्यांचा आग्रह असतो. तो मी साफ नाकारतो. दाबाची मर्यादा इंजिनाच्या झडपांवरील स्प्रिंगांनी ठरवून दिलेली आहे. ती ओलांडली की एखादा पिस्टन हवा आत ओढीत असतानाच त्याची धुराची झडप मागच्या दाबाने उचलली जाते, आणि पुन्हा बैठकीवर आपटत राहून अखेर स्वतःचा व बैठकीचा नाश करते.

काम संपल्यावर भरल्या गाडीवर घाटात पुन्हा दाब पाहतो, आणि तो आकडा, गिअर व फेऱ्यांसह, बिलावरच लिहून देतो. पुढच्या वर्षी हाच ब्रेक मंदावला की नाही, हे ठरवण्यास कागदावरचा काही आधार पाहिजे.