दिल्लीत ‘ळ’ शोधताना

सुप्रीम कोर्टासमोरचा रस्ता लोकमान्य टिळकांच्या नावाचा, पण पाटीवर ‘तिलक मार्ग’. जवळचं रेल्वे स्टेशनही ‘तिलक ब्रिज’. मी दर वेळी मनातल्या मनात दुरुस्ती करते. एवढ्या मोठ्या माणसाचा ‘ळ’ इथे टिकला नाही, तर आमच्या बाळाचा कसा टिकणार?

ताईला मुलीचं नाव आमच्या आजीचं ठेवायचंय, मंजुळा. भावजींना धास्ती, शाळेत सगळे ‘मंजुला’ म्हणतील. खरंच आहे, हिंदीच्या वर्णमालेत ळ नाहीच.

पण ताई राहते गुरुग्रामला. सोसायटीच्या गेटवर रोहतकचे काका असतात. हरियाणवी बोलीत ळ आहे, हे मला ठाऊकच नव्हतं! नाव ऐकून काका म्हणाले, “मंजुळा.” अगदी स्वच्छ, आजोबा हाक मारायचे तसं.

बारशाच्या आमंत्रणावर मंजुळाच छापलंय.