शनिवारी मऊ, सोमवारी टणक

सध्या भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय, आता तुम्हीही ऐकाच! लोहार तापलेल्या कोयत्याला पाणी पाजतो, चर्र आवाज होतो आणि पोलाद जागच्या जागी कडक होतं, हे आपण पाहिलेलं असतं. अॅल्युमिनियमची तऱ्हाच वेगळी. जर्मनीत आल्फ्रेड व्हिल्मने १९०६ च्या सुमारास त्यात थोडं तांबं आणि जरासं मॅग्नेशियम मिसळलं, पाचशे अंशांच्या वर तापवलं आणि झटकन थंड केलं. तुकडा मऊच! शनिवार-रविवार तसाच पडून राहिला, आणि पुन्हा तपासला तर चक्क टणक. ना भट्टी, ना हातोडा!

झालं काय? ५४८ अंशांना अॅल्युमिनियम साडेपाच टक्क्यांहून जास्त तांबं पोटात घेतं; गार झाल्यावर त्याला ते अजिबात झेपत नाही. पण थंड इतक्या घाईने केलेलं, की तांब्याला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. बरं, घन धातूत अणू हलतात तरी कसे? इथे मी अक्षरशः उडालो. त्याच घाईत अणूंच्या रांगांमधल्या रिकाम्या जागाही आत अडकून पडतात. खच्चून भरलेल्या एसटीत एक सीट रिकामी झाली की सगळे सरकतात ना, तसंच! सरकत सरकत तांबं जमतं आणि त्याच्या चकत्या तयार होतात, जाडी फक्त एका अणूची! अणूंचे थर एकमेकांवरून घसरू पाहतात तेव्हा या चकत्या आडव्या येतात. टणकपणा तो हाच. गिनिए आणि प्रेस्टन या दोघांनी स्वतंत्रपणे १९३८ मध्ये क्ष-किरणांनी त्या हेरल्या.

गंमत म्हणजे राइट बंधूंच्या १९०३ च्या इंजिनाच्या अॅल्युमिनियममध्येही असेच कण पुढे सापडले. व्हिल्मच्याही आधीचं इंजिन!

मात्र फार वेळ गरम ठेवलं तर मोठे कण लहानांना गिळतात, अडथळे विरळ होतात आणि धातू परत मऊ पडतो. कणांचा सरासरी व्यास दुप्पट व्हायला आठपट वेळ लागतो, असं १९६१ मधलं गणित सांगतं.

आणि सगळ्यात भारी गोष्ट: विमानाचे काही रिव्हेट याच मिश्रधातूचे असतात. ठोकण्याआधीच कडक होऊ नयेत म्हणून ते चक्क फ्रीजरमध्ये ठेवतात!