माजघरातला स्टुडिओ

आमच्या धाटावात आवाजाची टंचाई कधीच नव्हती. पहाटे कोंबडा, मग कारखान्याचा भोंगा, मग रोह्याकडे धावणाऱ्या मालमोटारी, आणि दिवेलागणीला देवळातली झांज. त्यातल्या त्यात कुंडलिका नदी गप्प. पण भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटले की तीही बोलू लागते. अशा गावात आवाज साठवून ठेवण्यासाठी कुणी पैसे मोजील, यावर मी तरी पैज लावली नसती. माझ्या पुतण्याने मोजले.

मुलगा गुणी आहे. कारखान्यात पाळीवर जातो आणि उरल्या वेळात अभंगांना चाली लावतो. त्याच्याजवळ आजोबांची एक पेटी होती. भात्याला दोन ठिगळे, काळी दोन जरा घोगरी. पण एवढ्याच भांडवलावर त्याने एका पावसाळ्यात अकरा चाली लावल्या. दिवे गेले म्हणजे तर त्याला अधिकच सुचे. चाल लिहून ठेवायची सवय नाही, त्यामुळे रात्री लावलेली चाल सकाळी आठवली तर ती टिकली, नाही आठवली तर गेली. जी गेली ती बहुधा जाण्याच्याच लायकीची असे. ही चाळण फुकट मिळालेली होती, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आले नाही.

मग यंत्रे आली. मायक्रोफोन, तो संगणकाला जोडणारी डबी, कानांवर चढवायची टोपणे, भिंतींना चिकटवायचे स्पंजाचे चौकोन आणि वाटेत पाय अडकतील अशा पंधरा तारा. वहिनींनी माजघर मोकळे करून दिले. लोणच्याच्या बरण्या पडवीत गेल्या. त्या दिवसापासून घरात संगीताविषयीचे बोलणे वाढले आणि संगीत कमी झाले. संध्याकाळी कामावरून आला की स्वारी दुसऱ्या एखाद्या मायक्रोफोनची माहिती वाचीत बसते. संगणकात म्हणे शेकडो वाद्ये आहेत, आणि गाताना लागलेला प्रत्येक सूर मागाहून चिमटीत धरून सरळ करता येतो. सरळ करता येतो म्हणून तो करावा लागतो. दोन वर्षांत एक गाणे झाले आहे, तेही अजून ‘होतेच आहे’. काहीच पुसले जात नाही, त्यामुळे काहीच पुरे होत नाही.

यंत्रांवर माझा राग नाही. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग हा गृहस्थ ग्रामोफोन कंपनीचे यंत्र घेऊन कलकत्त्यास उतरला, तेव्हा मायक्रोफोनच नव्हता. गायकाने भल्या मोठ्या कर्ण्यात तोंड घालायचे आणि मेणाच्या चकतीवर सुई फिरते आहे तोवर, म्हणजे सुमारे तीन मिनिटांत, सारे आटपायचे. चुकला तर चकती वाया. गौहरजान गाणे संपताच इंग्रजीत स्वतःचे नाव सांगून मोकळी होई. तासभर राग मांडणाऱ्या मंडळींना ही शिक्षाच होती. पण अब्दुल करीम खाँसाहेबांच्या त्या छोट्या तबकड्या ऐका. कोंडल्यामुळे दिवा अधिक उजळावा तसे झाले आहे. केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. त्या यंत्राने माणसाला एकच संधी दिली. आमच्या माजघरातले यंत्र त्याला हजार संध्या देते, हीच अडचण आहे. आणि ज्यांनी यंत्रापुढे गाऊनच ठेवले नाही, त्या अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यांतून उतरले. भास्करबुवा बखल्यांचे बालगंधर्वांच्या आणि मास्तर कृष्णरावांच्या.

हे सारे मी एरवी बोललोही नसतो. पण मध्ये आमचे भजनी बुवा आले. वय ऐंशीच्या घरात, छाती भरून आलेली. त्यांच्या पाच-सात चाली अशा आहेत की त्या दुसऱ्या कुणाला येत नाहीत. बुवा गेले की त्या गेल्या. तेव्हा त्या मुद्रित कराव्यात, हे पुतण्याचे म्हणणे रास्तच होते. बुवांना स्पंजाच्या खोलीत बसवले. पखवाज वेगळा घ्यायचा, टाळ वेगळे घ्यायचे, म्हणून पखवाजी आणि टाळकरी पडवीत, बरण्यांच्या शेजारी. बुवांच्या कानांत घड्याळासारखी टिकटिक सोडलेली.

“बुवा, पुन्हा एकदा, बाहेर ट्रक वाजला.”

“बुवा, आणखी एकदा; टिकटिकीच्या पुढे गेलात.”

चौथ्या वेळी बुवा अभंग म्हणत होते की मामलेदाराला अर्ज वाचून दाखवीत होते, ते कळेना. दुसऱ्या कडव्यावरची त्यांची ती लांब हरकत, जिच्यासाठी आम्ही एकादशीला जागतो, ती आलीच नाही. शेवटी त्यांनी टोपण काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाले, “अरे बाळा, समोर मान हलवणारे कुणी नाही. मी म्हणू कुणासाठी?”

पुढच्या एकादशीला पुतण्याने शहाणपणा केला. देवळातल्या कोनाड्यात नुसता मोबाईल ठेवला आणि कुणाला सांगितले नाही. बुवा रंगले. हरकत आली, चांगली दोनदा आली. तिच्यात एक पोर रडले आहे, कुणी खोकले आहे आणि रस्त्यावरच्या ट्रकने बरोबर समेवर भोंगा दिला आहे.

त्यानंतर बुवांचे देवळात येणे थांबले. आता ते खाटेवरूनच टाळ ऐकतात. आणि आमचा पुतण्या गेले तीन आठवडे संगणकापुढे बसून तो भोंगा काढतो आहे. पंचाईत अशी की भोंगा बुवांच्याच पट्टीत वाजला आहे. तो पुसला की बुवांचा आवाजही पातळ होतो. ‘राहू दे की तो ट्रक,’ असे मी दोनदा सांगून पाहिले. ‘काका, तुम्हांला यातले कळत नाही,’ असे उत्तर मिळाले, आणि यातले मला कळत नाही हे खरेच आहे.

परवा मात्र पहाटेच्या पाळीला निघताना तो अंगणात मोटारसायकल पुसत होता आणि स्वतःशीच गुणगुणत होता. पहिले कडवे संपले. दुसऱ्यावर त्याने ती हरकत घेतली. मध्ये अडखळला, थांबला, मागे आला आणि पुन्हा घेतली. या वेळी ती बुवांसारखी आली नाही. किंचित निराळीच वळली. मी खाकरणार होतो, तो तसाच गप्प पडून राहिलो.