एकोणिसावे मिनिट

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिले नाही, म्हणून दोघातिघांनी फोन करून तब्येतीची चौकशी केली. तब्येत ठणठणीत आहे. मी फक्त पंधरा दिवस एका कॅसेटीच्या मागे लागले होते. त्याचीच ही हकिकत.

जानेवारीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. १९९५ साली दहावी झालेला. नवी मुंबईचा विमानतळ ज्या दहा गावांच्या जागेवर उभा राहिला, त्यांतल्या एका गावचा हा मुलगा. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, वाघिवली... ही नावे मी वर्षानुवर्षे शाळेच्या दाखल्यांवर लिहिली. १८ फेब्रुवारी २०१८ ला पायाभरणी झाली आणि २५ डिसेंबर २०२५ ला प्रवासी विमाने उडू लागली. ह्या सगळ्या कामात उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडून सपाट झाली, नदी वळवली गेली आणि गावे उठली. आमच्या ह्या मुलाचे (आता सत्तेचाळिशीला टेकलाय, पण मला मुलगाच) घर आता पुष्पकनगरला आहे.

"बाई, माझ्या लग्नात काकांनी शूटिंग केलं होतं. ती कॅसेट आहे का हो?"

"असेल की. का रे?"

"आमची व्हिडिओवाल्याची कॅसेट सामान हलवताना गेली. आईला बघायचंय."

"लग्न?"

"लग्न नाही बाई, घर. आणि आजीचे धवळे."

त्याच्या वडिलांची मावशी धवलारीण होती. आमच्याकडच्या मंडळींना हे सांगायला नको, पण पुण्या-अमेरिकेतल्या भाचरांसाठी सांगते. आगरी-कोळी लग्नांत विधींच्या वेळी धवळे म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. हळद असो, मांडव असो, तिच्या धवळ्यांवाचून विधी पुढे सरकत नाही. सगळे तोंडपाठ, कागदावर एक अक्षर नाही. ती आजी जाऊन बारा वर्षे झाली. घरात आता ते कुणालाच येत नाहीत.

मी अगदी ऐटीत "उद्या देते" म्हणून सांगितले. कॅसेट कपाटात, कॅमेरा कपाटात, संगणक घरात. जोडायचे आणि घ्यायचे, त्यात काय एवढे! (हसू नका.)

कॅमेरा आमच्या मुलाने २००४ साली दिला होता. आगपेटीपेक्षा जराशा मोठ्या मिनी-डीव्ही कॅसेटी त्यात बसतात. एकेक कॅसेट साठ मिनिटांची. त्या काळी ह्यांनी तो गळ्यात अडकवून अर्धे पनवेल टिपून ठेवले. डब्यात सतरा कॅसेटी निघाल्या. त्यांतल्या दोनांवर पांढरी बुरशी! इथला पावसाळा काही कुणाला सोडत नाही. त्या दोन बाजूला ठेवल्या, कारण बुरशीची कॅसेट कॅमेऱ्यात घातली तर कॅमेराही बिघडतो. लग्नाची कॅसेट सुदैवाने स्वच्छ होती. पाठीवर ह्यांच्या अक्षरात तारीख: १४ मे २००६.

कॅमेऱ्याची बॅटरी केव्हाच मेली होती, पण भिंतीतल्या विजेवर तो सुरू झाला. मग त्याच्यासोबत आलेली यूएसबीची वायर लॅपटॉपला लावली. लॅपटॉपने "नवे उपकरण सापडले" असे जाहीर केले आणि आत दाखवले काय, तर कार्डावरचे अकरा फोटो. टेपचा पत्ताच नाही! दोन दिवस मी वायरी बदलत बसले. शेवटी कॅमेऱ्याचे माहितीपुस्तक चष्मा लावून नीट वाचले (हे पहिल्या दिवशीच करायला हवे होते, वर्गात मुलांना हेच सांगत आले). त्या यूएसबीतून फक्त फोटो जातात. टेपवरचे चित्र बाहेर पडते ते शेजारच्या चिमुकल्या भोकातून. त्याला फायरवायर म्हणतात.

फायरवायरचे भोक आमच्या लॅपटॉपला नाही. हल्लीच्या कुठल्या लॅपटॉपला दिसतही नाही. एका बाजूला फायरवायर आणि दुसऱ्या बाजूला यूएसबी असे स्वस्तातले जोड मिळतात, तो एक मागवलाही. खटकन बसला, पण चालला नाही. शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, "आजी, खाच जुळली म्हणून भाषा जुळत नाही." दोन्हींची बोलण्याची रीतच वेगळी, मधे दुभाषा नसेल तर नुसत्या जोडाचा काय उपयोग? शिवाय अशा जोडाने कॅमेऱ्याला इजाही होऊ शकते म्हणे. ताबडतोब काढून ठेवला.

गावातल्या एका स्टुडिओत विचारले. "ठेवून जा, चार दिवसांनी या," म्हणाले. माणूस भला होता, पण एकुलती एक कॅसेट ठेवून यायला माझा जीव होईना.

तेव्हा माळ्यावरचा जुना संगणक आठवला. विंडोज एक्सपीचा, २००५ साली घेतलेला. मुलाने तेव्हाच त्यात फायरवायरचे कार्ड बसवून घेतले होते. दोघांनी मिळून तो उतरवला. (हे ऐंशीचे, मी पंच्याहत्तरीची. शेजारच्या मुलाने पाहिले आणि धावत आला.) चालू झाला! तारीख मात्र १ जानेवारी २००२ दाखवत होता. आत नाण्याएवढी एक बॅटरी असते, ती संपली की संगणक आपले वय विसरतो.

कॅमेरा जोडला, प्रोग्राम उघडला आणि पडद्यावर मांडव दिसला. काय आनंद झाला म्हणून सांगू! ह्या कॅसेटी घाईघाईने उतरवता येत नाहीत. तासाची कॅसेट तासभर चालते, तसतशी संगणकात जाते. पाट टाकून बसल्यासारखी मी समोर बसले. आणि एकोणिसाव्या मिनिटाला सगळे थांबले.

पुन्हा लावली. पुन्हा एकोणिसावे मिनिट. तिसऱ्यांदाही तेच. तिथे वऱ्हाडी पाणी पीत होते, धवळे अजून पुढे होते. माझा पक्का समज झाला की टेप तिथेच खराब झाली आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलाला काय सांगू? वीस वर्षे कपाटात होती, मी एकदाही काढली नाही, असे?

पहाटे एक विचार आला. परीक्षेत एखादे मूल एकाच गणिताला अडले तर आपण पोराला दोष देतो. पण वर्गच्या वर्ग अडला तर पेपर तपासायला हवा. वही घेतली आणि मांडणी केली. टेप पुढे सरकवून दहाव्या मिनिटापासून सुरू केली. टेप खराब असेल तर नऊ मिनिटांत थांबेल. थांबली नाही! एकोणिसावे मिनिट सुरळीत गेले आणि एकोणतिसाव्याला थांबली. म्हणजे कुठूनही सुरुवात करा, एकोणीस मिनिटे झाली की खेळ खलास. टेप निर्दोष होती. मी टाळी वाजवली, हे दचकून जागे झाले.

कारण शेजारच्या मुलाने सांगितले. ह्या कॅसेटीचे चित्र तासाला साधारण १३ जीबी जागा खाते. आमच्या जुन्या डिस्कची मांडणी फॅट-३२ नावाच्या पद्धतीची, आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. आता त्रैराशिक मांडा: १३ जीबीला ६० मिनिटे, तर ४ जीबीला किती? साडेअठरा-एकोणीस! भांडे भरले की पाणी थांबणार, त्यात नळाचा काय दोष? डिस्कची पद्धत बदलून एनटीएफएस करता येते, पण त्या म्हाताऱ्या यंत्राला आणखी छेडायचे धाडस मला झाले नाही. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार तुकडे करायचे ठरवले.

तिसऱ्या तुकड्यात आजी आली. खणाची चोळी, हिरवे लुगडे, हातात तांदूळ. तोंड उघडले आणि पडद्यावर चौकटीच चौकटी, आवाज तुटक. पण आता मी घाबरत नव्हते. मागचा आधीचा भाग लावून पाहिला, तोही तुटत होता. म्हणजे टेप नव्हे, कॅमेऱ्याचे डोके मळले होते. त्याच स्टुडिओवाल्यांनी सफाईची कोरडी कॅसेट शोधून दिली, पैसेही घेतले नाहीत. ती फक्त दहा सेकंद चालवायची, जास्त घासली तर डोकेच झिजते. त्यानंतरही एकदा चित्र गेले, तेव्हा कॅमेऱ्याच्या बाजूची चिमुकली खुंटी सैल झाली होती. ती एका हाताने धरून बसले.

आणि मग ऐकू आले.

मंडळी, मी बी.ए.ला मराठी शिकले. महदंबेचे धवळे आम्हाला अभ्यासाला होते. ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडला, तेव्हा महदंबेने रुक्मिणी-कृष्णाच्या विवाहाचे धवळे गायिले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचा मान. तेराव्या शतकातले ते धवळे आपल्याला वाचायला मिळतात, कारण महानुभाव मंडळींनी ते उतरवून घेतले आणि त्या पोथ्यांच्या पुन्हा पुन्हा नकला केल्या, सांकेतिक लिपीतसुद्धा. आपल्या जुन्या पोथ्यांच्या शेवटी नक्कल करणारा वाचकाला बजावून ठेवी: पोथीला तेलापासून सांभाळ, पाण्यापासून सांभाळ, सैल बांधणीपासून सांभाळ. ती सैल खुंटी धरून बसले असताना मला ते आठवले आणि हसू आले, नंतर लाज वाटली. कित्येक वर्षे फळ्यावर "महदंबा" लिहून मी मुलांना धवळे म्हणजे काय ते समजावले. समोरच्या बाकावर बसलेल्या मुलाच्या घरात ते जिवंत होते, हे मला त्याच्या लग्नात कळले. तेव्हाही मी कॅसेट जपून ठेवली म्हणजे झाले, असे समजले. कुलुपात ठेवले म्हणजे जपले, असे होत नाही. नक्कल करतो तोच जपतो.

आता न लपवता पुढचे सांगते. धवळे चार मिनिटे आहेत. मग ह्यांचा आवाज येतो, "बॅटरी उतरायला लागली, मंगलाष्टकांना ठेवायला हवी." आणि चित्र बंद. पुढे एकदम मंगलाष्टका आणि जेवणाची पंगत! ती आजी त्या दिवशी तासभर तरी म्हणत होती. ह्यांना दाखवले तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटलं, ते पुन्हा कुठेही मिळेल."

फाइलींची नावे तारखेसकट लिहून (संगणकाच्या मते ते २००२ सालच आहे ना!) तीन नकला केल्या. एक मुलाकडे पुण्याला, एक आमच्याकडे, एक घेऊन आम्ही पुष्पकनगरला गेलो.

विद्यार्थ्याची आई टीव्हीसमोर जमिनीवरच बसली. नवरानवरी आली तरी तिचे लक्ष नव्हते. एकदम म्हणाली, "बाय, जरा मांगं घे गो." मागे घेतले. मांडवाच्या कडेला ओटा, त्याच्या मागे शेवग्याचे झाड, दाराशी उलटे ठेवलेले घमेले. तिने ते चित्र थांबवायला लावले आणि सुनेला बोटाने दाखवत राहिली: इथे चूल, इथे गोठा, इथून टेकडी दिसायची. धवळे लागले तेव्हा ती ओठ हलवत होती. चार मिनिटांनी चित्र तुटले, पण तिचे ओठ हलतच राहिले. पुढच्या दोन ओळी तिला येत होत्या! तिलाच ते ठाऊक नव्हते. सुनेने न सांगता फोन काढला आणि रेकॉर्डिंग सुरू केले. डोक्यावरून विमान गेले, त्याचाही आवाज त्यात आला. येऊ दे.

असो. घरात अशा कॅसेटी असतील तर ह्या पावसाळ्याच्या आत बाहेर काढा. बुरशीच्या वेगळ्या ठेवा, माहितीपुस्तक आधी वाचा, पंधरा मिनिटांचे तुकडे करा. आमच्या अजून चौदा कॅसेटी बाकी आहेत. जुना संगणक आता माळ्यावर परत जाणार नाही, जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग त्याला दिला आहे. हे रोज एक तास कॅमेऱ्यापाशी खुंटी धरून बसतात. मी सांगितलेले नाही.