थंड पास्ता सॅलड आणि दोन तासांचा हिशोब

आमच्या सोसायटीत १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की दुपारी सगळे एकत्र जेवतात. प्रत्येक घरातून एक पदार्थ येतो. माझ्याकडे बरीच वर्षं थंड पास्ता सॅलड असतं, कारण ते आदल्या दिवशी करून ठेवता येतं, मुलं आवडीनं खातात आणि जेवणात तेवढ्याच चार कच्च्या भाज्या पोटात जातात. गंमत म्हणजे इटलीतही १५ ऑगस्टला सार्वजनिक सुट्टी असते. तिला ‘फेरागोस्तो’ म्हणतात. ऐन उन्हाळ्यातला तो दिवस. लोक समुद्रावर, डोंगरावर डबे घेऊन जातात आणि त्या डब्यांमध्ये हमखास असं थंड पास्ता सॅलड असतं.

काही वर्षांपूर्वी याच सॅलडमुळे आमच्या इमारतीतले नऊ जण आजारी पडले. सॅलड मीच केलं होतं. रोज दवाखान्यात ‘शिळं खाऊ नका, उघड्यावरचं खाऊ नका’ असं सांगणारी मी. ती गोष्ट आज सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्या हातून झालेली चूक अगदी साधी होती आणि ती कोणाच्याही स्वयंपाकघरात होऊ शकते.

त्या वर्षी माझा फ्रिज सोसायटीच्या श्रीखंडाच्या डब्यांनी भरलेला होता. १४ तारखेला रात्री दहाच्या सुमारास मी एक किलो पास्ता उकडला, निथळला, चिकटू नये म्हणून तेल लावलं आणि मोठ्या पातेल्यात झाकून ओट्यावरच ठेवला. म्हटलं, पावसाळी हवा आहे, उकडलेलाच तर आहे, सकाळपर्यंत काय होणार! सकाळी आठला त्यात काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची, ऑलिव्ह, तेल आणि व्हिनेगर घातलं आणि पातेलं खाली नेलं. भाषणं लांबली, मध्येच पाऊस आला, जेवायला एक वाजला.

तीन वाजता पहिला फोन आला. दुसरीतली एक मुलगी सारखी उलट्या करत होती. मग दुसरा, तिसरा. संध्याकाळपर्यंत नऊ जण झाले, त्यात माझा मुलगाही. मी ओआरएसची पाकिटं घेऊन जिने चढत-उतरत होते. बहुतेकांना रात्रीपर्यंत बरं वाटलं. पण पहिल्या मजल्यावरच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांचा रक्तदाब उतरला. ते रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत होते. उलट्यांनी आधीच पाणी कमी झालेलं, त्यात ही गोळी. त्यांना एक रात्र रुग्णालयात ठेवून सलाइन द्यावं लागलं.

तोपर्यंत सोसायटीत निकाल लागला होता. दोष दहीवड्यांचा. दही म्हटलं की ते आंबणार, बिघडणार, असं सगळ्यांना वाटतंच. दहीवडे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी केले होते.

मी प्रत्येकाला तपासताना सवयीनं विचारत होते, ‘काय काय खाल्लं?’ रात्री कागदावर दोन रकाने पाडले. आजारी नऊच्या नऊ जणांनी सॅलड खाल्लं होतं. दहीवडे त्यांतल्या पाचच जणांनी खाल्ले होते. ज्यांनी दहीवडे खाल्ले पण सॅलड घेतलं नाही, त्यांच्यापैकी एकालाही काही झालं नव्हतं. माझे यजमान त्यांतलेच. त्यांना ढोबळी मिरची आवडत नाही. अन्नातून विषबाधा झाली की साथरोगाचे तज्ज्ञ हेच करतात: आजारी पडलेल्यांनी काय खाल्लं एवढंच बघत नाहीत, ठणठणीत राहिलेल्यांनी काय खाल्लं तेही बघतात.

सोसायटीच्या ग्रुपवर मी आधी लिहिलं, ‘पावसाळी हवेमुळे काहीतरी बाधलं असावं.’ पाठवायच्या आधी पुसलं. मग काकूंच्या दाराची बेल वाजवली. त्या म्हणाल्या, ‘दुपारपासून घोटभर ताक प्यायले नाही गं. म्हटलं, माझ्याच हातून झालं.’ मी त्यांना तो कागद दाखवला. त्यानंतर ग्रुपवर सरळ लिहिलं की सॅलड माझं होतं, पास्ता रात्रभर बाहेर राहिला होता आणि दहीवड्यांचा यात काही संबंध नाही.

उकडलेला पास्ता बिघडतो कसा?

पातेलं घासून झालं होतं, तपासायला नमुना उरला नव्हता. त्यामुळे जंतूचं नाव मी शपथेवर सांगू शकत नाही. पण पिष्टमय पदार्थ, रात्रभर बाहेर ठेवलेला, आणि खाल्ल्यावर दोन-चार तासांत उलट्या, हे चित्र ‘बॅसिलस सिरियस’ या जंतूशी जुळतं. हा जंतू मातीत असतो, म्हणून तांदूळ, गहू, कडधान्यं यांच्यावर थोडाफार असतोच. त्याची बीजं म्हणजे ‘स्पोअर’ उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. उकडताना बाकीचे जंतू मरतात आणि याला मोकळं रान मिळतं. अन्न कोमट झालं की बीजं रुजतात, जंतू वाढतात आणि त्यांच्यातले काही प्रकार अन्नातच विष तयार करतात.

हे विष पोटात गेलं की साधारण अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू होतात. याच जंतूचा दुसरा प्रकार आतड्यात गेल्यावर विष सोडतो. त्यात सहा ते पंधरा तासांनी पोटात मुरडा येतो आणि जुलाब होतात.

उलट्यांचं विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे रात्रभर बाहेर राहिलेला पास्ता किंवा भात सकाळी खरपूस परतला, तरी जंतू मरतात पण विष तसंच राहतं. त्याला वास नाही, चव नाही. ‘वास घेऊन बघ, चांगलाय ना?’ ही आपली घरगुती चाचणी इथे नापास होते.

बहुतेक वेळा हा त्रास दिवसभरात थांबतो. पण नेहमीच नाही. बेल्जियममध्ये २००३ च्या ऑगस्टमध्ये एका कुटुंबानं शुक्रवारी पास्ता सॅलड केलं, शनिवारी सहलीला नेलं आणि उरलेलं घरी आणून फ्रिजमध्ये ठेवलं. सोमवारी रात्री ते पाच भावंडांनी खाल्लं. सगळी आजारी पडली आणि सर्वांत धाकटी, सात वर्षांची मुलगी यकृत निकामी होऊन काही तासांतच गेली. तपासात त्या घरच्या फ्रिजचं तापमान १४ अंश सेल्सिअस निघालं. ते ५ च्या खाली हवं. म्हणजे फ्रिजमध्ये ठेवलं एवढ्यानं भागत नाही, फ्रिज खरोखर थंड असावा लागतो. ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकात मी त्या प्रसंगानंतर वाचली आणि दुसरीतल्या त्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

‘पण आम्ही मेयोनीज घालत नाही!’

हे मला नेहमी ऐकायला मिळतं. इटालियन पद्धतीच्या सॅलडमध्ये मेयोनीज नसतं, तेल आणि व्हिनेगर असतं, म्हणून ते सुरक्षित असं लोक धरून चालतात. घरी कच्च्या अंड्याचं मेयोनीज केलं तर धोका आहेच. पण इथे खरा प्रश्न उकडलेल्या पास्त्याचा आहे. दोन चमचे व्हिनेगरनं सॅलडचं लोणचं होत नाही. लोणचं टिकतं ते भरपूर मीठ, तेल आणि आंबटपणा यांच्या जोरावर. सॅलडमध्ये यातलं काहीच तेवढं नसतं.

आता मी हे सॅलड असं करते

पंधरा-सोळा जणांना वाटीवाटीभर पुरेल असं प्रमाण देते.

१. अर्धा किलो पास्ता, मळसूत्री किंवा छोट्या नळीचा. पाकिटावर ‘ड्युरम गहू’ लिहिलेलं बघा. आपला बन्सी गहू याच जातीचा. या गव्हाचा पास्ता थंड झाल्यावर गिळगिळीत होत नाही.

२. पाच लिटर पाण्याला उकळी आणून मीठ घाला आणि पास्ता शिजवा. दाताखाली किंचित कणी लागेल तेव्हा उतरवा.

३. निथळून लगेच गार पाण्यातून काढा. हे पाणी पिण्याचंच हवं, बर्फही त्याच पाण्याचा. हा पास्ता पुन्हा शिजणार नाही, त्यामुळे पावसाळ्यात नळाचं पाणी इथे वापरू नका.

४. दोन चमचे तेल लावून पास्ता पसरट ताटांत किंवा ट्रेमध्ये दोन बोटं जाडीचा थर देऊन पसरा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा. खोल पातेल्यात मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. माझं पातेलं तसंच होतं.

५. दीड वाटी छोले रात्री भिजवून, मऊ शिजवून, तसेच पसरून गार करा. प्रथिनंही मिळतात आणि पोटही भरतं.

६. काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची, थोडा कांदा, ऑलिव्ह. भाज्यांचं एकूण वजन शिजलेल्या पास्त्याएवढं असू द्या, म्हणजे साधारण किलोभर. भाज्या स्वच्छ धुऊन, पुसून, जेवणाच्या दिवशीच चिरा.

७. तेल तीन भाग, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस एक भाग, मीठ, मिरपूड. ताजी बेसिलची पानं मिळाली तर उत्तम. सब्ज्याचं झाड त्याच जातीचं आहे, कुंडीत असेल तर त्याची पानंही चालतात. लसूण घालायचा तर त्याच वेळी ठेचून घाला. लसूण तेलात मुरवून ती बाटली बाहेर ठेवू नका.

८. मिसळायला स्वच्छ डाव वापरा, हात नको. हातावर जखम किंवा पुळी असेल तर त्या दिवशी स्वयंपाक दुसऱ्याला करू द्या. तिथल्या जंतूंनीही अशाच उलट्या होतात.

वाढायच्या वेळी बर्फ भरलेल्या परातीत सॅलडचं भांडं ठेवते आणि निम्मंच बाहेर काढते. उरलेलं निम्मं फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यापासून दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. त्यानंतर उरलं तर टाकायचं. अन्न टाकताना हात मागे येतो हे मला ठाऊक आहे, माझाही येतो. म्हणूनच बेतानं करायचं. आणि वीज गेली तर फ्रिज उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो.

मधुमेह असेल तर?

पास्ता शिजवून गार केला की त्यातल्या पिष्टाचा थोडा भाग पचायला अवघड होतो, त्यामुळे साखर थोडी सावकाश चढते. पण हा फायदा छोटा आहे, त्याच्या भरवशावर दोन वाट्या घेऊ नका. एक वाटी घ्या, त्यात भाज्या आणि छोले जास्त असू द्या, आणि त्या जेवणातली एक पोळी किंवा भात कमी करा.

उलट्या सुरू झाल्या तर

ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवून घोट घोट द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. अँटिबायोटिक स्वतःहून घेऊ नका. तयार विषावर त्याचा उपयोग नाही. घोटभर पाणीही टिकत नसेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, गुंगी येत असेल, शौचात रक्त असेल, डोळे पिवळे दिसत असतील, किंवा रुग्ण लहान मूल, गर्भवती वा वयस्कर असेल, तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकाराच्या गोळ्या त्या दिवशी घ्यायच्या की नाहीत, हे फोन करून विचारा. आमच्या आजोबांनी संध्याकाळची गोळी घेण्याआधी विचारलं असतं, तर कदाचित ती सलाइनची रात्र टळली असती. आणि ते विचारायला हवं, हे त्यांना आधी सांगून ठेवणं माझं काम होतं.

पुढच्या वर्षी मी सॅलड करणार नव्हते. काकूच म्हणाल्या, ‘कर गं, श्रीखंड मी माझ्या फ्रिजमध्ये ठेवते.’ १५ ऑगस्टला परातीतल्या बर्फावर भांडं ठेवून मी उभी होते. आजोबा ताट घेऊन आले, भांड्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘डॉक्टर, किती वाजता काढलंत बाहेर?’

‘बारा पंचवीसला.’

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि ताट पुढे केलं.