स्नानाचे मूल्य

पवनी तालुक्यातील आसगाव येथे नवे घर बांधताना आम्हां भावंडांत सर्वाधिक खल झाला तो न्हाणीघरावर. आईचे गुडघे हिवाळ्यात आखडतात. गरम पाण्यात बसता आले तर तिला आराम पडेल, म्हणून हॉट टब घ्यावा असा विचार निघाला. किफायतशीर कोणता, याचा शोध घेता घेता किंमत आणि मूल्य हे शब्द समानार्थी नाहीत, हे आम्हांस नव्याने जाणवले.

हजार लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास, उष्णतेची गळती न धरताही, सुमारे २३ युनिट वीज लागते. २० लिटरच्या बादलीस अर्धे युनिटही लागत नाही. शिवाय त्या पाण्याचेच वजन एक टन. जाड झाकण नसलेला टब स्वस्तात मिळाला, तरी उरलेली किंमत वीजबिलातून वसूल होतच राहते. आणि त्याचा उंच काठ ओलांडणे आईस जमणारे नव्हते.

भंडाऱ्याची ओळख पितळी भांड्यांची. आमच्या घरीही आजीचे पितळी घंगाळ आहे. अखेर आम्ही छतावर सोलर वॉटर हीटर बसविला, न्हाणीत बसावयास ओटा बांधला, भिंतीला आधाराची दांडी लावली. आई ओट्यावर बसते, पाय घंगाळात सोडते आणि तांब्याने गुडघ्यांवर कढत पाण्याची धार धरते. त्यासाठी तिला कुणाचा हात धरावा लागत नाही. न्हाणीघराचे मूल्य ठरविताना आम्ही हाच हिशेब मोठा मानला.