बिडीपुरती सुटी

आमच्या घरावर मजला चढवायचे ठरले आणि मुकादमाच्या जोडीला मीही मुकादम झालो. "मजूर बिड्या ओढत बसतात, जरा लक्ष ठेवा," अशी घरातून आज्ञाच होती.

पाहिले, तर एक बिगारी तासातासाने घमेले खाली ठेवून बिडी पेटवी. तिसऱ्या दिवशी मी प्रवचन दिले. दमा, क्षय, कर्करोग, परळचे टाटा रुग्णालय, काही म्हणता काही सोडले नाही. बंडलावरचे ते भयंकर चित्रही दाखवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "चित्र रोज बघतो, साहेब. पण नुसतं बसलं की मुकादम ओरडतो. बिडी पेटवली की कुणी बोलत नाही. संपेस्तोवर टेकता येतं."

शेजारी तिची कारभारीण मिश्री लावत होती. ती हसून म्हणाली, "दुपारच्या भाकरीपातूर भूक मरती बघा हिनं." तंबाखूतले निकोटीन भूक मारते, हे मी पुस्तकात वाचले होते, तिने ते पोटाने वाचले होते!

हे कुटुंब पारनेर तालुक्यातले निघाले. मला जोर चढला. राळेगणसिद्धी मी पाहिलेले होते. सैन्यातली नोकरी संपवून अण्णा हजारे १९७५ साली तिथे परतले, तेव्हा गावात दारूच्या भट्ट्या होत्या. त्या बंद झाल्या. पुढे तरुणांनी दुकानांतली बिडी, सिगारेट, तंबाखू गोळा करून होळीत टाकली आणि गावात तिची विक्रीच थांबवली. "तुमच्याच तालुक्यातल्या गावाला जमले, मग तुम्हांला का जमू नये?" मी विजयी मुद्रेने विचारले.

"त्यांनी होळी केली खरी," तो म्हणाला, "पर पाणीबी अडवलं. नालाबांध घातले, तलाव केले. आमच्या शिवारात पाणी असतं तर मी इथं घमेली वाहिली असती का?"

यावर मला उत्तर सुचले नाही. कचेरीत तीस वर्षे मी दिवसातून चार वेळा चहाला उठलो. त्याला कोणी व्यसन म्हटले नाही, की माझा पगार कापला नाही. माझी विश्रांती फुकट होती. हा माणूस तीच छातीच्या मोलाने विकत घेत होता.

दुसऱ्या दिवसापासून अकरा आणि चार वाजता दहा मिनिटे सर्वांनी बसायचे, चहा घरातून यायचा, असे मी ठरवले. मुकादम कुरकुरला. "अशाने काम लांबेल," म्हणाला. लांबले, पण दोनच दिवस.

त्याची बिडी सुटली का? नाही. वीस वर्षांची सोबत दहा मिनिटांच्या चहाने कशी सुटावी? पण पहिल्या दिवशी अकरा वाजता तो विटांच्या ढिगावर टेकला, सवयीने हात खिशाकडे गेला. त्याने मुकादमाकडे पाहिले. मुकादम काही बोलला नाही. तेवढ्यात कपबशा वाजल्या, आणि खिशाकडे गेलेला हात रिकामाच परत आला.